विश्लेषण : सुट्टीवर मायदेशी गेलेला मिशनरी परत येऊ शकतो का?

मुंबईतून मराठी मुलुखात शिरणारे दोन जुने रस्ते ठाणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागातून जातात. एक शहापूर तालुक्यातून कसारा घाट चढून नाशिक-मनमाडकडे जातो, दुसरा मुरबाडवरून माळशेज घाट चढून अहमदनगरकडे (आताचे अहिल्यानगर). महाराष्ट्रातील ख्रिस्ती मिशनरी कामाच्या इतिहासातील दोन महत्त्वाची ठिकाणे, मनमाड आणि अहमदनगर, या दोन घाटांच्या पलीकडे आहेत. परदेशातून आलेले मिशनरी वर्षानुवर्षे तेथे काम करत, मधेच मायदेशी जात आणि पुन्हा परत येत. हे ‘परत येणे’ आज पूर्वीपेक्षा अवघड झाले आहे. त्यामागचा कायदा, इतिहास आणि राजकारण समजून घेऊ.

हा विषय आताच का?

परदेशी नागरिकांचा भारतातील प्रवेश, नोंदणी आणि वास्तव्य यांसाठीचा नवा कायदा, ‘इमिग्रेशन अँड फॉरिनर्स ॲक्ट, २०२५’, १ सप्टेंबर २०२५ पासून लागू झाला. १९२०, १९३९, १९४६ आणि २००० या वर्षांतील चार जुन्या कायद्यांची जागा त्याने घेतली. परदेशी व्यक्तीला देशात प्रवेश द्यायचा की नाही, याबाबत इमिग्रेशन अधिकाऱ्याचा निर्णय अंतिम मानण्याची तरतूद त्यात आहे. परदेशी विद्यार्थी वा रुग्ण असलेल्या शिक्षणसंस्था आणि रुग्णालये यांच्यावर माहिती देण्याची जबाबदारीही आहे. मिशनरी संस्थांचे बहुतेक काम शाळा आणि दवाखान्यांतूनच चालत असल्याने हा बदल त्यांना थेट लागू पडतो.

त्याच वर्षी आंध्र प्रदेशातील अनंतपूरमध्ये लोक एका संस्थेसाठी रस्त्यावर उतरले. ‘रूरल डेव्हलपमेंट ट्रस्ट’च्या परदेशी देणग्यांच्या परवान्याचे नूतनीकरण अडकले होते. ही संस्था मूळ मनमाडच्या एका स्पॅनिश मिशनऱ्याने उभी केलेली. तो अनंतपूरला का गेला, याचे उत्तर आपल्या विषयाशी निगडित आहे. त्याकडे पुढे येऊ.

‘फर्लो’ म्हणजे काय?

आज ‘फर्लो’ म्हटले की कैद्याची रजा आठवते. पूर्वी हा शब्द सैनिक, सरकारी अधिकारी आणि मिशनरी यांच्या मायदेशातील दीर्घ रजेसाठी वापरला जाई. मिशनऱ्याला काही वर्षांच्या कामानंतर अशी रजा मिळे. प्रवासच काही महिन्यांचा असल्याने सुट्टी वर्ष-दोन वर्षांची होई. कसाऱ्यापर्यंत रेल्वे १८६१ मध्ये पोहोचली, थळ घाटातून इगतपुरीपर्यंत १८६५ मध्ये आणि सुएझ कालवा १८६९ मध्ये खुला झाला. त्याआधी अनेकदा आफ्रिकेला वळसा घालून यावे लागे आणि पुढे बैलगाडीने घाट चढावा लागे.

ही रजा नावापुरतीच विश्रांती असे. प्रकृती सुधारणे आणि मुलांच्या शिक्षणाची सोय लावणे हे एक काम. गावोगावच्या चर्चमध्ये भाषणे देऊन पुढील वर्षांसाठी निधी जमवणे हे दुसरे. अनेक जण परतलेच नाहीत. अमेरिकन मराठी मिशनचे पहिले दोन मिशनरी, गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट, १८१३ मध्ये मुंबईत उतरले. नॉट १८१५ मध्ये प्रकृतीमुळे परतले ते कायमचेच. हॉल यांनी रजा घेतलीच नाही. १८२५ मध्ये त्यांची पत्नी दोन मुलांना घेऊन अमेरिकेला निघाली, त्यातला एक मुलगा वाटेतच गेला. हॉल मागे राहिले आणि पुढच्याच वर्षी, मार्च १८२६ मध्ये, नाशिकहून मुंबईला परतताना वाटेत कॉलऱ्याने वारले.

परवानगीचा प्रश्नही हॉल आणि नॉट यांच्यापासूनच सुरू होतो. ईस्ट इंडिया कंपनीला मिशनरी नको होते. धर्मप्रचाराने लोक बिथरतील ही भीती होती, शिवाय त्या वेळी ब्रिटन आणि अमेरिका यांच्यात युद्ध चालू होते. दोघांना देश सोडण्याचा हुकूम झाला. ते कोचीनपर्यंत निसटले, तेथून त्यांना पकडून मुंबईत आणले गेले आणि बरीच रदबदली झाल्यावर राहण्याची मुभा मिळाली. म्हणजे मराठी मुलुखातील अमेरिकन मिशनची सुरुवातच हद्दपारीच्या हुकमाने झाली.

दुसऱ्या खेपेत काय बदलते?

पहिली काही वर्षे भाषा शिकण्यात, हवामान सोसण्यात आणि माणसे ओळखण्यात जातात. कामाला खरी पकड येते ती त्यानंतर. म्हणून मायदेशी जाऊन परत आलेल्या मिशनऱ्याची दुसरी खेप अनेकदा अधिक महत्त्वाची ठरली. याचे ठळक उदाहरण मिस सिंथिया फरार.

फरार १८२७ मध्ये मुंबईत आल्या. अमेरिकन बोर्डाने परदेशी पाठवलेल्या सुरुवातीच्या अविवाहित स्त्रियांपैकी त्या एक. त्यांनी मुंबईत मुलींच्या शाळा चालवल्या. १८३७ मध्ये प्रकृती ढासळल्याने त्या अमेरिकेला गेल्या. दोन वर्षांनी, १८३९ मध्ये, त्या परतल्या तेव्हा नेमणूक अहमदनगरला झाली. नवे गाव, नवे सहकारी, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. १८६२ मध्ये मृत्यू होईपर्यंत त्या तेथेच मुलींच्या शाळा चालवत राहिल्या.

याच काळात जोतीराव फुले आपले मित्र सदाशिव बल्लाळ गोवंडे यांच्यासह अहमदनगरला गेले आणि त्यांनी फरार बाईंची शाळा पाहिली. तेथील शिक्षणाची पद्धत पाहून मुलींसाठी शाळा काढण्याची प्रेरणा मिळाल्याचे फुले यांनी स्वतः सांगितले आहे. १८४८ मध्ये पुण्यात भिडेवाड्यात शाळा सुरू झाली. फरार १८३९ मध्ये परतल्या नसत्या, तर फुल्यांना अहमदनगरला ती शाळा त्याच रूपात दिसली असती का, हा प्रश्न उरतोच.

परतल्यावर जुळवून घेणे अवघड का जाते?

बाहेरून पाहणाऱ्याला वाटते, जुन्याच जागी जायचे, त्यात काय अवघड? प्रत्यक्षात त्या जागी दुसरे कुणी बसलेले असते. हिशेब, चाव्या, निर्णय त्याच्या हाती गेलेले असतात. भाषा थोडी गंजलेली असते. ज्यांच्यासाठी काम केले त्यांच्या घरी या काळात जन्म, लग्ने, मृत्यू झालेले असतात आणि त्यात आपण नव्हतो याची जाणीव होते. मुलांना शिक्षणासाठी मायदेशी ठेवून आलेल्यांना घर दोन्हीकडे अर्धे-अर्धे झाल्यासारखे वाटे. ही ताटातूट टाळण्यासाठीच अमेरिकन मिशनऱ्यांनी १९०१ मध्ये कोडाईकनालला मुलांची शाळा काढली.

आणखी एक अडचण नव्या काळाची आहे. देणग्या मागताना मिशनरी मायदेशात आपल्या कामाचे जे वर्णन करतो, ते पूर्वी त्या सभागृहातच राहत असे. आता त्याची चित्रफीत तो विमानातून उतरण्याआधी कसाऱ्याच्या मोबाइलवर पोहोचू शकते. देणगीदारांना भावावे म्हणून काढलेले ‘अंधारातले लोक’ असले उद्गार ज्यांच्याविषयी आहेत त्यांनीच ऐकले तर विश्वास तुटतो. तेच भाषण उद्या त्याच्या व्हिसाच्या फाइलमध्येही लागू शकते.

फेरर प्रकरण काय होते?

व्हिन्सेंट फेरर हे स्पॅनिश जेझुइट १९५२ मध्ये मुंबईत आले आणि पुढे मनमाड परिसरात कामाला लागले. दुष्काळी शेतकऱ्यांनी विहिरी खणाव्यात म्हणून ते धान्य, तेल आणि कर्ज देत. कामाचा पसारा वाढला तसा विरोधही वाढला. धान्याच्या आडून धर्मांतर होत असल्याचा आरोप झाला. गरीब शेतकरी एका परदेशी पाद्र्याभोवती एवढ्या संख्येने जमतात, याचीही स्थानिक पुढाऱ्यांना धास्ती होती. १९६८ मध्ये त्यांना देश सोडण्याचा आदेश निघाला.

त्यानंतर जे घडले ते अनपेक्षित होते. त्यांच्या बाजूने शेतकऱ्यांनी मनमाडहून मुंबईकडे मोर्चा काढला. फेरर यांच्या संस्थेच्या सांगण्यानुसार त्यात सुमारे ३०,००० लोक होते. अखेर पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी मध्यममार्ग काढला : फेरर यांनी काही काळ सुट्टीसाठी परदेशी जावे, त्यांचे भारतात पुन्हा स्वागत होईल. हद्दपारीला ‘सुट्टी’चे रूप मिळाले.

१९६९ मध्ये फेरर परतले, पण महाराष्ट्रात नाही. आंध्र प्रदेशातील अनंतपूर या अत्यंत कमी पावसाच्या जिल्ह्यात त्यांनी नव्याने सुरुवात केली. १९७० मध्ये ते जेझुइट संघातून बाहेर पडले, ॲन पेरी या पत्रकार महिलेशी विवाह केला आणि दोघांनी मिळून रूरल डेव्हलपमेंट ट्रस्ट वाढवला. १९९८ मध्ये स्पेनचा प्रिन्स ऑफ ॲस्टुरियस पुरस्कार त्यांना मिळाला. २००९ मध्ये अनंतपूरमध्येच त्यांचे निधन झाले. विहिरी मनमाडला सुरू झाल्या, पण चाळीस वर्षांचे काम अनंतपूरला मिळाले. एका माणसाला परत येऊ देताना ‘कुठे’ हा प्रश्न किती निर्णायक ठरतो, ते यातून दिसते.

सरकारचा आक्षेप निराधार आहे का?

तसे म्हणता येत नाही. परक्या भूमीवरील मिशनरी कोणाच्या हितासाठी काम करतो, ही शंका जगभर आणि जुनी आहे. १६८७ मध्ये गोव्याहून श्रीलंकेत गेलेले जोसेफ वाझ यांनाही कँडीच्या राजाने पोर्तुगीज हेर समजून कैदेत टाकले होते. पुढे राजाचा विश्वास बसला, पण वाझ गोव्याला कधीच परतले नाहीत. १७११ मध्ये ते कँडीतच वारले.

स्वतंत्र भारतात ही शंका पहिल्यांदा सविस्तर मांडली ती नियोगी समितीने. निवृत्त न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली मध्य प्रदेश सरकारने ती १९५४ मध्ये नेमली. विदर्भ तेव्हा त्याच राज्यात होता. १९५६ च्या अहवालात, ज्यांचा मुख्य हेतू धर्मांतर आहे अशा परदेशी मिशनऱ्यांना परत पाठवावे, अशी शिफारस होती. शाळा, दवाखाने आणि कर्ज यांचा आमिषासारखा वापर होतो, असा समितीचा निष्कर्ष होता. समितीच्या पद्धतीवर ख्रिस्ती संस्थांनी तीव्र आक्षेप घेतले. तरीही तिने उपस्थित केलेला एक प्रश्न खरा आहे : भुकेल्या माणसाला धान्य देणारा हातच धर्मही देऊ करत असेल, तर त्या माणसाचा होकार कितपत मोकळा?

घटना काय सांगते?

येथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात : धर्माचे स्वातंत्र्य आणि देशात राहण्याचा हक्क.

घटनेचे कलम २५ धर्म पाळण्याचे, आचरण्याचे आणि त्याचा प्रसार करण्याचे स्वातंत्र्य ‘सर्व व्यक्तींना’ देते. त्यात परदेशी व्यक्तीही येते. आपल्या धार्मिक विचारांचा प्रसार करण्याचे स्वातंत्र्य प्रत्येक व्यक्तीला आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९५४ च्या रतिलाल गांधी विरुद्ध मुंबई राज्य या खटल्यात सांगितले. १९७७ च्या स्टॅनिस्लॉस निकालात मात्र त्याला मर्यादा घातली : प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर घडवून आणण्याचा हक्क येत नाही.

देशात राहण्याचा आणि स्थायिक होण्याचा हक्क कलम १९ मध्ये आहे आणि तो फक्त नागरिकांना आहे. याचा कस लुई द रेड्ट खटल्यात लागला. बेल्जियमचे हे मिशनरी १९३७ पासून भारतात होते. पन्नास वर्षांनी, १९८७ मध्ये, त्यांना देश सोडण्यास सांगण्यात आले. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांची याचिका फेटाळली. परदेशी व्यक्तीलाही कलम २१ नुसार जीविताचे आणि व्यक्तिस्वातंत्र्याचे संरक्षण आहे, पण त्यात येथे स्थायिक होण्याचा हक्क येत नाही आणि तिला बाहेर पाठवण्याचा सरकारचा अधिकार अमर्याद आहे, असे न्यायालयाने म्हटले. पन्नास वर्षांच्या सेवेनेही राहण्याचा हक्क तयार होत नाही, हा या निकालाचा सरळ अर्थ. मग सुट्टीवरून परतणाऱ्याला प्रवेशाचा हक्क मागता येण्याचा प्रश्नच उरत नाही.

काहींनी भारताचे नागरिकत्व घेतले. मदर तेरेसा आणि हिंदीचे अभ्यासक फादर कामिल बुल्के ही त्यातली प्रसिद्ध नावे.

आज नियम काय आहेत?

मिशनरी कामासाठी वेगळा व्हिसा आहे आणि तो धर्मांतराचा समावेश नसलेल्या कामासाठीच दिला जातो. मुदत १८० दिवसांहून अधिक असेल तर आल्यापासून १४ दिवसांत परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयात नोंद करावी लागते. परदेशस्थ भारतीयांच्या ‘ओसीआय’ कार्डाचाही अपवाद नाही. ४ मार्च २०२१ च्या अधिसूचनेनुसार मिशनरी, तबलिगी किंवा पत्रकारितेच्या कामासाठी ओसीआय कार्डधारकालाही विशेष परवानगी लागते. न्यू जर्सीत वाढलेली एखादी मराठी मुलगी आजोळी शहापूरला कितीही वेळा येऊ शकते, पण तेथे मिशनरी काम करायचे असेल तर तिलाही आधी परवानगी घ्यावी लागेल.

धार्मिक कार्यक्रमाला हजर राहणे आणि मिशनरी काम करणे यांतली सीमारेषा मात्र पुसट आहे. एप्रिल २०२० मध्ये करोनाकाळात केंद्राने पर्यटक व्हिसावर आलेल्या तबलिगी जमातच्या ९६० परदेशींना काळ्या यादीत टाकले. अहमदनगर जिल्ह्यात त्यातील काहींवर गुन्हे दाखल झाले. ऑगस्ट २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २९ परदेशी नागरिकांवरील गुन्हे रद्द केले. धार्मिक स्थळांना भेट देण्यास आणि नेहमीच्या धार्मिक प्रवचनांना हजर राहण्यास व्हिसा नियमांत बंदी नाही, असे न्यायालयाने नमूद केले. मिशनरी म्हटले की ख्रिस्तीच डोळ्यांसमोर येतात, पण हा कायदा सर्व धर्मांच्या प्रचारकांना लागू आहे.

दुसरी बाजू पैशाची. परदेशी देणग्यांच्या कायद्यात २०२० मध्ये दुरुस्ती झाली. देणगी दुसऱ्या संस्थेकडे वळवण्यास बंदी आली, प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली आणि पैसा दिल्लीतील स्टेट बँकेच्या एकाच शाखेतील खात्यातून घेण्याची सक्ती झाली. मोठ्या संस्थेने निधी आणायचा आणि तालुक्यातील छोट्या संस्थेने तो पाड्यापर्यंत न्यायचा, ही पद्धत त्यामुळे बंद पडली. म्हणजे मिशनरी सुट्टीत निधी जमवून परतला, तरी तो पोहोचवण्याची वाट अरुंद झालेली असते.

भारतीय धर्मगुरू परदेशी जातात, त्यांचे काय?

प्रवाह आता उलटाही वाहतो. युरोप-अमेरिकेतील अनेक चर्चना धर्मगुरू भारतातून, विशेषतः केरळ आणि तमिळनाडूतून, मिळतात. देवळांचे पुजारी आणि गुरुद्वारांचे ग्रंथीही परदेशी जातात. अमेरिकेत धार्मिक कार्यकर्त्यांच्या ‘आर-१’ व्हिसाची कमाल मुदत पाच वर्षे आहे. तेथे कायमच्या वास्तव्याची रांग २०२३ मधील बदलानंतर आणखी लांबली. तिथल्या चर्च आणि मंदिरांची तक्रार आपल्याकडच्या संस्थांसारखीच आहे : माणूस रुळला की जायची वेळ येते. धर्मप्रचारकाला पाहुणा मानून मुदत घालणारा भारत हा एकमेव देश नाही.

शहापूर-मुरबाडला याचा काय फरक पडतो?

भातसा आणि तानसा ही धरणे शहापूर तालुक्यात आहेत. त्यांचे पाणी मुंबई परिसराला जाते आणि उन्हाळ्यात तालुक्यातलेच पाडे टँकरची वाट पाहतात. ठाकूर, कातकरी, वारली कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. सरकारी सेवा जिथे तोकड्या पडतात तिथे धार्मिक आणि सामाजिक संस्थांना जागा मिळते. तिथेच धर्मांतराचा संशय आणि वादही सर्वाधिक असतो. धर्मांतरित आदिवासींना अनुसूचित जमातीच्या यादीतून वगळा, ही ‘डीलिस्टिंग’ची मागणी त्याच वादातून आली आहे. सध्याच्या नियमांनुसार धर्म बदलल्याने अनुसूचित जमातीचा दर्जा जात नाही.

अशा भागात बाहेरून आलेला कार्यकर्ता, परदेशी असो की परप्रांतीय, अर्ध्यावर गेला तर शाळेचा किंवा दवाखान्याचा खर्च थांबतो आणि त्याची किंमत पाड्याला मोजावी लागते. व्हिसा नाकारण्याचा सरकारचा अधिकार कायद्याने पक्का आहे. तो वापरताना कारण लेखी देणे आणि संबंधिताला वेळेत बाजू मांडू देणे, एवढे केले तरी संशय आणि अफवा यांची जागा कमी होईल. संस्थांच्या बाजूनेही एक कसोटी आहे. जे काम एका माणसाच्या पासपोर्टवर उभे आहे ते कधीही थांबू शकते. म्हणून मायदेशी जाणाऱ्या मिशनऱ्याने निघण्याआधी स्वतःला विचारायचा प्रश्न असा की, आपण परतलोच नाही तर इथले कोण हे काम चालवील? अहमदनगरची शाळा पाहून पुण्यात शाळा काढणारे फुले ना मिशनरी होते, ना परदेशी. फरार यांच्या कामाचा सर्वांत टिकाऊ भाग त्यांच्या मिशनच्या बाहेर उभा राहिला आणि त्याला कोणत्याही व्हिसाची गरज पडली नाही.